शेरा मारून मोकळे, मग शिकवणार कोण?

दहावीला गणितात ३५ नाही पडले, २० पडले तरी चालतील, पोरगं अकरावीत जाईल. फक्त मार्कलिस्टवर एक शेरा येईल, की याला पुढं गणित-विज्ञानाचं शिक्षण घेता येणार नाही. राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली ही तरतूद ऑक्टोबर २०२४ मध्ये बातम्यांत आली. चार दिवस चर्चा झाली, मग विधानसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत विषय गुंडाळला गेला. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोचेल तेव्हा हे लागू होईल, असं तेव्हा सांगितलं होतं. पोचेल तेव्हा पोचेल. मला बोलायचं आहे ते असा शेरा बसल्यावर वीस वर्षांनी काय होतं त्याबद्दल. कारण कागदावर तो आता येणार असला, तरी आमच्या वर्धा जिल्ह्यात न लिहिलेला शेरा कपाळावर घेऊन फिरणारी माणसं मी रोज बघतो.

त्यातला एक आमच्या गल्लीतला आहे. नाव सांगत नाही. वय ३४. जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर. आयटीआय नाही, उस्तादाच्या हाताखाली कामावरच शिकला. २००७ ला दहावी, गणितात काठावर पास. त्यानंतर गणिताचं तोंड पाहिलं नाही. मशीन अडली की सुपरवायझर यालाच बोलावतो, मशीन चालू झाली की रजिस्टरवर सही सुपरवायझरची. सुपरवायझरकडे डिप्लोमा आहे, याच्याकडे नाही. तर याने ठरवलं, रात्रपाळी मागून घ्यायची आणि दिवसा पॉलिटेक्निक करायचं. घरी बायको हो म्हणाली. भाऊबंद हसले. "आता या वयात काय दप्तर घेऊन जाशील काय बे?"

ॲडमिशनची भीती त्याला नव्हती. भीती होती पहिल्या सेमिस्टरच्या 'बेसिक मॅथेमॅटिक्स' या पेपरची. नाव बेसिक. आत काय? लॉगॅरिदम, पार्शल फ्रॅक्शन, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, सरळ रेषेची समीकरणं. हे सगळं ज्या पायावर उभं आहे तो पाया म्हणजे शाळेतलं बीजगणित, आणि तो याच्याकडे सतरा-अठरा वर्षांपासून बंद खोलीत पडलेला. म्हणून उन्हाळ्यात, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, घरी बसून तयारी करायची असं ठरलं.

आता प्रश्न असा, की करायची कुठं?

मी त्याच्यासाठी चौकशी केली. पत्रकाराला चौकशीची खोड असतेच. गावातल्या एका क्लासवाल्याने सरळ सांगितलं, "आठवी-नववी-दहावीच्या बॅचेस आहेत, पण तिथं पोरं असतात, यांना कसं बसवू? पालक काय म्हणतील?" दुसऱ्याने विचारलं, "किती जण आहेत? दहा जमवा, बॅच काढतो." अभ्यासिका आहेत, तालुक्याच्या गावी एक सोडून चार आहेत. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची पोरं तिथं रात्री अकरापर्यंत मान खाली घालून बसलेली असतात. पण अभ्यासिकेत तुम्हाला खुर्ची मिळते, पंखा मिळतो, वायफाय मिळतं. शिकवणारा नाही. तिथं बोलायलाच मनाई.

बरं, सरकारी दार? प्रौढांसाठी केंद्राची 'उल्लास' योजना आहे, नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७. पंधरा वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या माणसाला लिहिता-वाचता यावं, आकडेमोड यावी, म्हणून. चांगली योजना आहे. कागदावर तिच्यात पायाभूत साक्षरतेच्या पुढं मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे भागही आहेत. पण गावात जे दिसतं ते सर्वेक्षण, वर्ग आणि १५० गुणांची चाचणी. आमचा फिटर निरक्षर नाही. तो या योजनेच्या वर आणि कॉलेजच्या खाली, मधल्या पोकळीत आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, तीही सोय चांगली. तिथं फॉर्म मिळतो, हॉल तिकीट मिळतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. पुस्तकं घरोघरी गेली, हे मान्यच करायला पाहिजे. किती बायाबापड्या त्यामुळं पदवीधर झाल्या. पण पुस्तक वाचून इतिहास समजतो, समाजशास्त्र समजतं. बीजगणितात माणूस एका वजाबाकीच्या चिन्हावर अडतो, आणि तिथं समोर बसून "हे बघ, इथं चुकलास" म्हणणारा कोणी नसेल तर पुस्तक मिटून ठेवतो. ते परत उघडायला मग पुढची दहा वर्षं.

शेवटी मीच बसलो. रात्री जेवणं झाल्यावर ४० मिनिटं, त्याच्या अंगणात, कूलरच्या आवाजात. आठवड्यातून चार दिवस. मी काही गणिताचा मास्तर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस. पण या दोन महिन्यांत जे दिसलं ते इतकं साधं आहे की शिक्षण खात्याने ते बघितलेलं नाही यावर विश्वास बसत नाही.

पहिली गोष्ट. तो बीजगणितात अडत नव्हता. अपूर्णांकात अडत होता. त्याचंच वाक्य : "भाऊ, एक्स-बिक्स समजून राहिलं मले. पण त्याच्या खाली रेघ मारून काही लिहून आलं का डोकं बंद." एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती, तर वहीत लिहिलं दोन सप्तमांश. वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले. मी चूक म्हटलं नाही. विचारलं, एक तृतीयांश मोठं की दोन सप्तमांश मोठं? भाकरीचे तुकडे काढून बघितले. एक तृतीयांश मोठं निघालं. "म्हंजे मिळवलं तर कमी झालं? हे काहून?" ते 'काहून' तोंडातून निघालं आणि मला वाटलं, आता होऊन जाईल.

कारण हाच माणूस दिवसभर इंची पाने घेऊन काम करतो. तीन अष्टमांशचा पाना, सात सोळांशचा पाना, अर्ध्याचा पाना. वर्कशॉपात त्याला कोणी अपूर्णांक म्हणत नाही, सूत म्हणतात. इंचाचे आठ सूत. तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत, सात सोळांश म्हणजे साडेतीन सूत. त्याला विचारा, तीन अष्टमांश आणि एक चतुर्थांश मिळून किती, तर तो हवेत उत्तर देतो : तीन सूत आणि दोन सूत, पाच सूत. पाच अष्टमांश. म्हणजे समान छेद करणं त्याला येतं, रोज करतो. फक्त त्याला 'समान छेद' म्हणतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याने शाळेत समान छेद शिकवला त्याला सूत माहीत नव्हता. तीन आणि चार यांचा सूत कोणता? बारा. एवढं कळल्यावर एक्स भागिले तीन अधिक एक्स भागिले चार हे गणित त्याने स्वतः सोडवलं : सात एक्स भागिले बारा. आणि ज्या 'पार्शल फ्रॅक्शन'ची त्याला धास्ती होती, ते तर हाच रस्ता उलट्या दिशेने चालणं आहे. एकत्र केलेल्याचे पुन्हा तुकडे करायचे.

दुसरी गोष्ट, बाजू बदलली की चिन्ह बदलतं. हे वाक्य तुम्हा-आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मंत्रासारखं. का बदलतं ते विचारलं तर निम्मे लोक गप्प बसतील. मी त्याला कापसाचा हिशेब घातला. भाव आठ हजार धर. वेचाई दहा रुपये किलो, म्हणजे क्विंटलला एक हजार. गाडीभाडं सरसकट दीड हजार. हाती साडे एकसष्ट हजार आले. कापूस किती होता? त्याने वहीला हात लावला नाही. "आधी दीड हजार वापस जोडा, झाले त्रेसष्ट. क्विंटलमागं सात हजार राहतात. नऊ क्विंटल." मग मी तेच एक्स घालून लिहिलं : सात हजार एक्स वजा दीड हजार बरोबर साडे एकसष्ट हजार. "तू आत्ता दीड हजार वापस जोडले ना? दोन्हीकडं जोडले. म्हणून इकडचं वजा गेलं, तिकडं अधिक आलं." त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "एवढंच व्हतं? मंग सरांनी जादू केल्यासारखं काहून शिकवलं बाप्पा?"

मला त्या सरांना नाव ठेवायचं नाही. साठ पोरांचा वर्ग, अभ्यासक्रम संपवायचा धाक, निवडणुकीची ड्यूटी, पोषण आहाराचा हिशेब. पण दोष कोणाचाही असो, भरपाई याच्या आयुष्यातून झाली.

तिसरी गोष्ट कंसाची. कंसाच्या बाहेर वजा असला की आतली चिन्हं उलटी होतात, हे त्याला कधीच पटलं नव्हतं. दहा हजार हातात, पाच हजार उधारी, त्यातले दोन हजार समोरच्याने सोडले. राहिले किती? सात. दहा वजा कंसात पाच वजा दोन. सोडलेले दोन तुझ्या खिशात परत आले की नाही? आले. म्हणून अधिक. संपलं. हे काम दहा मिनिटांचं होतं, अठरा वर्षं पडून होतं.

आम्ही पहिले अकरा दिवस एक्सला हातही लावला नाही. फक्त अपूर्णांक, ऋण संख्या, कंस, घात. पुस्तक त्याच्या सातवीतल्या पोरीचं. मग आठवीचं : विस्तार सूत्रं, अवयव, एका चलातली समीकरणं. नववीतली बहुपदी. मग दहावीचा भाग एक, म्हणजे दोन चलांतली रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं. श्रेढी आणि शेअर-जीएसटीचा धडा आम्ही सरळ सोडून दिला, त्याला त्या पेपरासाठी त्याची गरज नव्हती. दहावीच्या पुस्तकात क्रेमरची पद्धत आहे, तिच्यातला निश्चयक म्हणजेच कॉलेजातला डिटरमिनंट. त्यासाठी एक वेगळी वही केली. डाव्या बाजूला चल, उजव्या बाजूला व्हेरिएबल. सहगुणक, कोएफिशंट. छेद, डिनॉमिनेटर. मराठी शाळेतला माणूस कॉलेजात पहिल्या आठवड्यात जो भांबावतो तो अर्धा या शब्दांनी. ओळखीचा माणूस नवा सदरा घालून आला तर ओळखू येत नाही, तसं. बालभारतीची ही सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. म्हणजे सामग्रीला पैसा लागत नाही. लागतो तो माणूस.

घरी कोणाला शिकवायला बसणार असाल तर एक सांगतो. त्याच्या हातातला पेन घेऊ नका. आणि "अरे, सोपं आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका. मोठ्या माणसाला सोपं न येण्याची लाज पोरापेक्षा दसपट असते. पोरगं नापास झालं तर रडतं. मोठा माणूस उद्यापासून येतच नाही, आणि विचारलं तर ड्यूटीचं कारण सांगतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण काही मित्र म्हणतील की हे सगळं ठीक, पण सगळ्यांना बीजगणित हवंच कशाला? हा प्रश्न फालतू नाही. २० गुणांच्या तरतुदीमागचा विचारही दुष्ट नाही. दहावीला गणितात पोर अडकली की शाळा सुटते. मुलगी असेल तर लग्न, मुलगा असेल तर मिळेल ते काम. एका विषयासाठी आयुष्य अडवू नका, हे म्हणणं मला मान्य आहे. अमेरिकेतही यावर मोठा वाद झाला. तिथं 'कॉलेज अल्जिब्रा' नावाचा पेपर आहे, आणि त्याच्यापायी किती तरी नोकरदार, वयाने मोठी माणसं पदवी अर्धवट सोडतात. ॲन्ड्र्यू हॅकर या प्राध्यापकाने २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला की बीजगणिताची सक्तीच काढा. नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, आपल्याकडं एआयसीटीईने काही इंजिनिअरिंग शाखांसाठी बारावीच्या गणित-भौतिकशास्त्राची अट सैल केली, तेव्हा इथंही तोच सूर लागला होता.

पण त्याच अमेरिकेत बॉब मोझेस नावाचा माणूस होऊन गेला. मिसिसिपीत काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मार खाल्लेला कार्यकर्ता. आपल्या आठवीतल्या पोरीला शाळेत बीजगणित शिकवत नाहीत म्हणून तो आधी तिला घरी शिकवायला बसला, मग तिच्या बाईंनी त्याला वर्गात बोलावलं, आणि १९८२ मध्ये त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की पूर्वी वाचता न येणाऱ्याला मताचा हक्क नाकारला, आता बीजगणित न येणाऱ्याला चांगल्या रोजगाराचा हक्क नाकारला जातो. म्हणून हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. तो धन-ऋण संख्या शिकवायचा बोस्टनच्या भुयारी रेल्वेच्या प्रवासावरून. आम्हीही तेच केलं. वर्धा जंक्शन म्हणजे शून्य. नागपूरकडं अधिक, पुलगावकडं उणे. पुलगाव उणे तीस, नागपूर अधिक अठ्ठ्याहत्तर, ढोबळ मानाने. पुलगावहून नागपूर किती? अठ्ठ्याहत्तर वजा उणे तीस. आमचा फिटर मोठ्याने हसला, "एकशे आठ! महिन्यातून दोनदा जातो मी, तिकिटावर लिहून असते."

सूट द्या, पण सूट देऊन दार बाहेरून बंद करू नका. पंधराव्या वर्षी २० गुण पडलेल्या पोराच्या मार्कलिस्टवर "याला गणित जमणार नाही" असं राज्य लिहून देणार असेल, तर त्याच राज्याने हेही लिहून द्यावं की "पंचविशीत, पस्तिशीत परत यायचं असेल तर अमुक ठिकाणी, अमुक वारी, फुकट शिकवलं जाईल." हे दुसरं वाक्य आराखड्याच्या बातम्यांत मला कुठं दिसलं नाही. पुन्हा परीक्षा देता येईल, एवढं दिसलं. परीक्षा! आपल्याकडं शिक्षण म्हणजे परीक्षा देण्याची परवानगी. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' की 'वीस एक' यावरून अख्खा महाराष्ट्र भांडला, मंगलाताई नारळीकरांसारख्या जाणत्या बाईंवर तुटून पडला. दुसरीतल्या पोराला संख्या कशी वाचायला लावावी यावर ज्यांनी तेव्हा तावातावाने लिहिलं, त्यातले किती जण २० गुणांच्या शेऱ्यावर बोलले? 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मुळं टक्क्यांतून गणित वगळता येतं, बोर्डावर फोटो झळकतो, पेढे वाटले जातात. आम्ही पत्रकारही ते फोटो छापतो.

आणि हे वर्ध्यात व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथंच, या गावात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समिती नेमली गेली, नयी तालीम जन्माला आली. तिचा गाभा काय होता? हाताच्या कामातून डोकं शिकतं. टकळीवर सूत काततानाच तारा मोजायच्या, लांबी काढायची, वजनाशी गुणोत्तर मांडायचं, म्हणजे गणित आलं. आमच्या फिटरचा सूत इंचाचा आणि गांधींचं सूत कापसाचं, एवढाच काय तो फरक. पुढं १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नयी तालीमची व्याप्ती वाढवली गेली, त्यात प्रौढांचं शिक्षण स्पष्टपणे आलं. जन्मापासून मरेपर्यंत शिक्षण, अशी ती कल्पना. पवनारला विनोबा राहिले, त्यांना तर गणिताचं वेड. (परीक्षेचं मुळीच नाही. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईला निघाले आणि सुरतेलाच उतरून काशीला गेले.) दर २ ऑक्टोबरला या सगळ्याची भाषणं आपण ऐकतो. हार, सूतयज्ञ, फोटो. त्याच जिल्ह्यात रात्री आठ वाजता अपूर्णांक शिकायला एका कामगाराला एक खोली मिळत नाही.

पैसा नाही म्हणतील. थोडं मागं जाऊ. बीजगणित या नावाचा ग्रंथ लिहिणारे भास्कराचार्य बाराव्या शतकातले. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथं १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथं मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात जो माल विकायला येईल त्यावरच्या कराचा हिस्सा मठाला. गावात जितके तेलाचे घाणे चालतात त्या प्रत्येकामागं पळी पळी तेल मठाला. आठशे वर्षांपूर्वी एका छोट्या गावातल्या तेल्याच्या घाण्यातून गणिताच्या अभ्यासाला तेल जात होतं, दिव्याला म्हणा की जेवणाला म्हणा. त्या शाळेत कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, तो हिशेब वेगळा आहे आणि तो विसरून चालणार नाही. पण गणिताचा खर्च गावाने उचलायचा, ही रीत तेव्हा होती.

आजचा हिशेब मांडू. जिल्ह्यात आठ तालुके : वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. प्रत्येक ठिकाणी एक वर्ग, आठवड्यातून दोन संध्याकाळी. खोली जिल्हा परिषदेच्या शाळेची, ती संध्याकाळी रिकामीच असते. शिकवायला निवृत्त शिक्षक किंवा एमएस्सी झालेली बेकार पोरं-पोरी, दर वर्गाला ६०० रुपये मानधन. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ७६८ वर्ग होतात. ४,६०,८०० रुपये. अख्ख्या जिल्ह्याचे, अख्ख्या वर्षाचे. जिल्हा नियोजनाच्या आराखड्यात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. नगरपालिकांनी, बाजार समित्यांनी, जिनिंगवाल्यांनी वाटून घेतली तर कोणाला कळणारही नाही. मी ज्या ज्या लोकप्रतिनिधीला हे सांगितलं, त्या प्रत्येकाने विचारलं, "किती लोक येतील?" अहो साहेब, दुकान उघडायच्या आधी गिऱ्हाइकांची यादी कोणी मागते का? अभ्यासिका बांधताना विचारलं होतं?

आणि लोक येतील. बारावीची अट आल्यावर अंगणवाडीत जायची इच्छा असलेल्या, पण दहावीच्या गणितात अडकलेल्या बाया येतील. एमआयडीसीतले कंत्राटी कामगार येतील. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बिझनेस मॅथ्समध्ये दोनदा बॅक लागलेली, मधल्या काळात लग्न झालेली पोरगी येईल, कडेवर लेकरू घेऊन येईल. घरात पोरांना "अभ्यास कर" म्हणताना ज्यांचा आवाज खाली जातो असे आईबाप येतील. हे लोक आजही शिकून राहिले आहेत, लपून, मोबाईलवर आवाज कमी करून. त्यांना उजेडात बसून शिकता आलं पाहिजे, एवढंच मागणं आहे.

आमच्या फिटरचं काय, ते विचाराल. वर्गसमीकरणापर्यंत आला आहे. सूत्राने सोडवतो, अवयव पाडून सोडवायला अजून वेळ लागतो. लॉगॅरिदमला परवा सुरुवात केली. घात उलटा वाचायचा म्हटल्यावर "म्हंजे किती मजले चढलो ते सांगायचं" असं त्याने स्वतःच जुळवून घेतलं. शेजारी त्याची सातवीतली पोरगी तिचं पुस्तक परत मिळायची वाट बघत बसलेली असते. दोघांचं भांडण होतं त्यावरून.

म्हणून एक काम करा. घरात सातवी, आठवी, नववीची गणिताची पुस्तकं पडून असतील तर रद्दीत देऊ नका. वर्धा, सेलू, हिंगणघाट या बाजूची मी गाडीवर येऊन नेईन, बाकीच्यांनी एसटीत टाकली तरी चालतील. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ देऊ शकणारे निवृत्त गणित शिक्षक ओळखीत असतील तर त्यांना विचारून नंबर इनबॉक्समध्ये पाठवा, कमेंटमध्ये टाकू नका. खोलीचं मी बघतो.